समुद्राकडची बाजू

कड्यावर जायचं ठरलं तेव्हा तिनं एकामागून एक चार कारणं काढली. ऊन फार आहे. वारा फार आहे. नातीला, भिंगरीला, सर्दी झाली आहे. आणि माझा गुडघा. पहिली तीन लेकीनं उडवून लावली, गुडघ्याचं नवऱ्यानं निकालात काढलं. "तुझा गुडघा बाजारात तासन् तास चालतो, कड्याचं नाव काढलं की रुसतो," असं म्हणून त्यानं खुंटीवरच्या गाडीच्या किल्लीकडे हात नेला. हात किल्लीच्या चार बोटं अलीकडेच हवेत मिटला. दुसऱ्यांदा किल्ली सापडली. कुणाचं लक्ष नव्हतं. तिचं होतं. गेले पाच आठवडे तिचं दुसरीकडे कुठे लक्षच नव्हतं.

नवरा चष्मेवाला. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर एकतीस वर्षं दुकान. लोक त्याला डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता आणि ते तो प्रत्येकाला एकदा सांगतही असे, पण दुसऱ्यांदा सांगत नसे. गावातली तीन पिढ्यांची नाकं त्याच्या चष्म्यांनी दाबून ठेवली होती. ती काउंटरच्या मागे बसे आणि फ्रेमा दाखवी. बसक्या नाकाला कुठली फ्रेम टिकेल, हे तिला गिऱ्हाईक दारात असतानाच कळायचं. आत पडद्यामागे त्याची खुर्ची, समोरच्या भिंतीवर आकड्यांचा तक्ता, आणि दिवसभर तेच ते ऐकू येणारं बोलणं: "एक डोळा झाका. काय दिसतं? वाचा."

सुरुवात झाली ती चौकटीपासून. तो स्वयंपाकघरात येताना त्याचा डावा खांदा चौकटीला लागायला लागला. मग डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप दोनदा सांडला. दोन्ही वेळा बोलणी तिलाच बसली, की तू वस्तू भलतीकडे ठेवतेस. तिनं आठवडाभर ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणाली, "अहो, लोकांचे डोळे तपासता, एकदा स्वतःचे तपासा की."

तो हसला आणि खुर्चीत बसला. उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला, डावा उघडा ठेवला, आणि तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. शेवटची बारीक ओळसुद्धा. सात, दोन, नऊ, चार, सहा. "झालं समाधान?"

 त्या भिंतीवर सात, दोन, नऊ कुठेच नव्हतं. जुना तक्ता पिवळा पडला म्हणून कंपनीनं नवा पाठवला होता. आकड्यांचा क्रम वेगळा होता, आणि तो तिनं तासाभरापूर्वी त्याला न सांगता टांगला होता. मुद्दाम टांगला होता. एकतीस वर्षं तोच तक्ता रोज वीस-वीस वेळा ऐकणारा माणूस, त्याला तो झोपेतही वाचता आला असता. त्याला वाटत होतं, आपण वाचतोय. लबाडी नव्हती ती. लबाडी असती तर तिला इतकी भीती वाटली नसती.

"पुरे, चला जेवायला," ती म्हणाली. तो हात धुवायला गेल्यावर तिनं जुना तक्ता परत टांगला आणि नवा गुंडाळून कपाटाच्या मागे सारला. उद्या सांगू, असं ठरवलं. तो उद्या पाच आठवडे उगवला नाही. सांगायचं म्हणजे आधी आपण फसवलं ते सांगायचं. आणि चष्मेवाल्यालाच दिसत नाही, हे गावात कळलं की दुकानाची पाटी उतरवायला कुणाला बोलवावं लागणार नाही. शिवाय नवरा चार माणसांत कधी खोटा पडलेला तिनं बघितला नव्हता. कसा दिसेल तो, हे तिला बघायचंही नव्हतं.

आणि आता लेक, जावई आणि साडेचार वर्षांची नात सुट्टीला आली होती, आणि नातीला समुद्रातले पक्षी बघायचे होते.

गाडी त्यानंच चालवली. ती शेजारी बसली आणि वाटेत सतत बोलत राहिली. "बघा, डावीकडून सायकल आली." "त्या बाईंनी केवढी पिशवी धरलीय, बघा, डावीकडे." "अहो, कुत्रं."

"आई आज निवडणुकीचं थेट प्रक्षेपण करतेय," लेक मागून म्हणाली.

"तीस वर्षांत प्रथमच हिला माझ्या बाजूचं काही दिसतंय," नवरा म्हणाला. सगळे हसले. तीही हसली, आणि पुढच्या वळणावर पुन्हा म्हणाली, "दुधाची गाडी."

कड्याखाली गाडी लावायला मोकळी जागा होती. तिथून पायवाट वर चढायची, कड्याच्या नाकाला वळसा घालून पलीकडून उतरायची आणि पुन्हा गाडीपाशी यायची. पाऊण तासाचं चालणं. पाटीवर बाण दाखवला होता, सगळ्यांनी एकाच दिशेनं जायचं. त्या दिशेनं गेलं की समुद्र सगळी वाट डाव्या हाताला राहतो. तिनं पाटी दोनदा वाचली.

"आपण उलटं जाऊ या का?" ती म्हणाली.

"का?" लेक म्हणाली.

"ऊन डोळ्यांवर येईल."

"आई, ऊन वरून येतंय."

जावई शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणजे त्याला थांबवणं शक्यच नव्हतं. वाट चढायला लागल्याबरोबर त्यानं दगडावर बूट आपटून सुरुवात केली. हा सगळा चुनखडीचा दगड. म्हणजे पूर्वीच्या समुद्रातले शंख-शिंपले, त्यांचा गाळ, लाखो वर्षं साठत गेला आणि वर आला. ही बघा शिंपली, दगडातच. पावसाचं पाणी हा दगड हळूहळू विरघळवतं, म्हणून या अशा धारा निघतात, आणि वरून सपाट वाटलं तरी खालून पोकळ असतं. "काही ठिकाणी तर वरूनच भोक पडतं, आरपार. खाली पाण्याचा आवाज येतो."

"कुठे?" तिनं विचारलं.

"कुठेही," जावई खुशीत म्हणाला.

दगड खरंच विचित्र होता. पांढरा, पण स्वच्छ नाही, जुन्या दातांसारखा. कडा सुरीसारख्या, मधे मधे बोट जाईल, मूठ जाईल, पाय जाईल अशी भोकं. बुटांवर पीठ सांडल्यासारखी धूळ बसत होती. वाट एका माणसाला ऐसपैस आणि दोघांना अंग चोरून चालावं लागेल एवढीच होती. डावीकडे काही ठिकाणी दोर बांधलेला होता. बऱ्याच ठिकाणी नुसतेच खांब होते आणि दोर कुणीतरी नेला होता.

नवरा नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाजूनं चालायला लागला. लग्न झाल्यापासून रस्त्यानं जाताना तो वाहनांच्या बाजूला आणि ती आतल्या बाजूला, यात कधी बदल झाला नव्हता. ती एरवी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची. आज ती भराभर पुढे होऊन त्याच्या डाव्या अंगाला आली. त्यानं न बोलता तिचा दंड धरून तिला उजवीकडे सरकवलं. पन्नास पावलांनी ती पुन्हा डावीकडे गेली. त्यानं पुन्हा सरकवलं.

"अगं, काय चाललंय? गुडघा दुखतोय ना तुझा? आतून चाल."

"मला समुद्र बघायचाय."

"समुद्र काय माझ्या मागे लपलाय?"

मागून लेक जावयाला म्हणाली, "बघ, या वयात यांचं काय चाललंय." जावई हसला. तिला दोघांचाही राग आला. मग स्वतःचाच आला. लेकीला तरी सांगायला हवं होतं. सकाळी पोळ्या लाटताना दोघीच होत्या. तेव्हा ओठांवर आलं होतं. पण लेक वडिलांवर गेलेली, पोटात काही राहत नाही तिच्या. तासाभरात तिनं बाबांना फैलावर घेतलं असतं. म्हणून ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यापायी आता पावलोपावली तिचे हाल होत होते.

भिंगरीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. ती आजोबांचा उजवा हात धरून उड्या मारत होती. तिथपर्यंत ठीक होतं. उजवीकडची भिंगरी त्याला दिसत होती. पण वळणावर खाली पक्ष्यांचा गोंगाट ऐकू आला आणि भिंगरीनं उजवा हात सोडला, त्याच्या पाठीमागून पळत जाऊन डावा हात धरला. समुद्र आणि आजोबा यांच्या मधोमध.

त्यानं मान वळवली नाही. बोटं मिटून घेतली आणि चालत राहिला.

"भिंगरे, इकडे ये. आजीचा हात धर."

"नको."

"चॉकलेट देते."

"चॉकलेट गाडीत आहे," भिंगरी म्हणाली. पोरीला सगळं माहीत.

"असू दे गं," नवरा म्हणाला. "माझ्या हातात आहे ती. मी काय तिला सोडतोय?"

ती त्याच्या मागे एका पावलावर चालायला लागली. डोळ्यांत तेल घालून. तिची नजर त्याच्या डाव्या बुटावर खिळली होती. बूट वाटेच्या कडेकडे सरके, कधी कडेपासून जेमतेम हातभर राही. त्या हातभर जागेत लाल रंगाचे छोटे बूट उड्या मारत होते.  ती मनात शब्द जुळवत होती. अहो, जरा थांबा, चक्कर आली मला. हे बरं. चक्कर आली म्हटलं की सगळे बसतील, मग लेकीला बाजूला घेऊन सांगता येईल. ती चक्कर आल्याचं सोंग करायला हात कपाळाला लावते न लावते, तोच भिंगरी ओरडली.

"आजोबा, पिल्लू! तिथे पिल्लू आहे! मला उचला!"

नाकाच्या टोकाशी वाट जरा रुंद झाली होती. समोर कड्याचा एक सुळका मुख्य दगडापासून सुटून पाण्यात उभा होता, आणि त्याच्या खाचाखाचांत पांढरे पक्षी दाटीवाटीनं बसले होते. नवऱ्यानं भिंगरीला उचललं आणि खांद्यावर बसवलं. तिचे दोन्ही पाय छातीशी धरले. "कुठाय पिल्लू? दाखव बघू." आणि नीट दिसावं म्हणून तो पुढे सरकला. एक पाऊल. मग डावीकडे एक.

त्याच्या डाव्या बाजूला, जेमतेम हातभर अंतरावर, दगडात भोक होतं. परातीएवढं. कडेला चार गवताच्या काड्या. त्यातून खालचं पाणी आदळल्याचा आवाज वर येत होता, पण आवाज तर सगळीकडूनच येत होता. जावई पक्ष्यांचे फोटो काढत होता. लेक केस बांधत होती.

नवऱ्यानं डावा पाय उचलला.

"थांबा!" ती ओरडली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "हलू नका! तुम्हाला डावीकडचं दिसत नाही!"

पाय हवेतच राहिला. मग होता तिथेच खाली आला. जावयानं दोन ढांगांत येऊन भिंगरीला खांद्यावरून उचललं. ती नवऱ्याच्या दंडाला धरून मागे ओढत राहिली, मागे, आणखी मागे, पाठ उजवीकडच्या दगडाला टेकेपर्यंत. तिथे दगड जरा बसायसारखा होता. समुद्र आता पाच-सहा पावलं लांब होता. तरी तिनं दंड सोडला नाही.

भिंगरी रडायला लागली. लेक एकदा भोकाकडे बघत होती, एकदा वडिलांकडे. 

"आई, काय म्हणालीस तू?"

आता परत घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. "डाव्या डोळ्यानं दिसत नाही त्यांना. पाच आठवडे झाले, मला माहीत आहे. त्या दिवशी भिंतीवर नवा तक्ता होता. मी लावला होता. तुम्ही जुनाच वाचलात."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. आधी त्याला समजलं नाही. मग समजलं, आणि त्याचा चेहरा लाल झाला. तिनं इतक्या वर्षांत त्याला रागावलेलं पुष्कळदा बघितलं होतं, पण हा राग वेगळा होता. त्यात लाज होती, आणि ती जावयासमोर होती.

"तू माझी परीक्षा घेतलीस?"

"हो."

"माझ्या दुकानात? माझ्याच खुर्चीत बसवून?"

"हो. चुकले. पण दिसत नाही तुम्हाला."

"कोण म्हणतं दिसत नाही?" त्यानं दंड सोडवून घेतला. "एकतीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय मी. मला माझा डोळा कळत नाही? भोक दिसलं नाही कारण पोरगी खांद्यावर होती. कुणालाही दिसलं नसतं. तुझ्या जावयाला दिसलं का?"

"नाही दिसलं, बाबा," जावई हळूच म्हणाला. तो भला माणूस होता.

"ऐकलंस? चष्म्याच्या काचेवर जरा धूळ बसलीय, एवढंच." त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग ताठ उभा राहिला, दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो तसा तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि समुद्राकडे तोंड केलं. "हं. घे आता परीक्षा. इथे तुझा तक्ता नाही. विचार."

  लेकीनं आईचा हात धरला.

"बरं, मीच सांगतो," तो म्हणाला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू जावा असा. "समोर पाणी. पाण्यात सुळका. सुळक्याचं टोक डावीकडे कललेलं. वरच्या खाचेत पक्षी, खालच्या खाचेत पक्षी, मधली खाच रिकामी. सुळक्याच्या अलीकडे दोन खांब, दोर नाही. उजव्या खांबाला निळी पाटी. बरोबर आहे का?"

सगळं बरोबर होतं. एकही गोष्ट चुकली नव्हती. जावयानं फोटो काढावा तसं त्यानं ते दोन मिनिटांपूर्वी उजव्या डोळ्यानं टिपून ठेवलं होतं, आणि आता ओळीनं वाचत होता.

पण भिंगरी बापाच्या कडेवरून केव्हाच उतरली होती. तिला भोकाचं काही समजलं नव्हतं. आजी ओरडली, आजोबा रागावले, म्हणजे आपल्याकडूनच काहीतरी चुकलं, एवढं तिला कळलं होतं. ती डोळे पुसत आजोबांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती. अगदी पुढ्यात, दीड हातावर. दोन्ही हात वर केलेले, घ्या मला म्हणून.

लेक तिला बोलवायला पुढे झाली. तिनं लेकीचा हात घट्ट दाबून धरला. जावयाच्या ते ध्यानात आलं, तोही थांबला.

"आकाशात ढग नाहीत," नवरा सांगत होता. "लांब एक होडी आहे. शिडाची. पायाखाली पांढरा दगड, थोडं गवत."  वाऱ्यानं त्याचा सदरा फडफडत होता. "इथून तिथपर्यंत वाट मोकळी आहे. कुणी नाही."

 भिंगरीनं वर केलेले हात तसेच ठेवले. तिनं मान वाकडी करून त्याच्या उघड्या डोळ्यात बघितलं. डोळा तिच्याकडेच होता.

"आणि मी, आजोबा?"

त्याचा तळवा डोळ्यावरच राहिला.  मग त्यानं दुसरा हात पुढे केला आणि आवाजाच्या दिशेनं, सावकाश, हवेत चाचपत खाली आणला. बोटं तिच्या केसांना लागली.

"काय बाई," तो म्हणाला. "किती जवळ आहेस तू."